वाकडा ठिपका

धाव

“बाईंचा डबा तसाच हाय की ओ ताई.”

शेडच्या दाराचा काळा पडदा बाजूला सारून हौसाबाई उभी होती. तिच्यामागून दुपारचा सगळा उजेड आत घुसला.

“पडदा! आधी पडदा सोडा!”

“सोडते की. पर डबा तसाच हाय म्हंते मी.”

तिनं पडदा सोडला आणि अंधारात चाचपडत पुढं आली. माझ्या टॉर्चला लाल कागद लावलेला होता, कारण लाल उजेड मधमाश्यांना दिसत नाही. त्या उजेडात तिनं दोन्ही हात पुढं केले. एका हातात बाईंचा जेवणाचा डबा, कडीही न उघडलेला. दुसऱ्या हातात खडीसाखरेची चपटी डबी.

“दोन्ही टेबलावरच होतं?”

“टेबलावरच. धुकं फाटलं तशा पळत सुटल्या त्या. म्या म्हनलं, चार घास खाऊन जावा. तर म्हनल्या, हौसा, सूर्य माझ्यासाठी थांबायचा न्हाई.” ती वाकून माझ्या तोंडाकडे बघू लागली. “सकाळी टोचून घेतलंय न्हवं त्यांनी?”

“हो.”

“मग?”

बाईंना मधुमेह होता. रोज सकाळी त्या स्वतःच्या हातानं इन्शुलिन टोचून घ्यायच्या आणि त्यानंतर जेवणाची वेळ कधी चुकवायच्या नाहीत. चुकली तर रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम, मग हाताला कंप, मग बोलण्यात गोंधळ, मग शुद्ध जाते. खडीसाखरेची डबी त्यासाठीच होती.

जेवणाची वेळ केव्हाच टळली होती.

“कुटं गेल्यात त्या?” हौसाबाईनं विचारलं.

“माहीत नाही.”

“माहीत न्हाई म्हंजे? तुमी त्यांच्या असिस्टंट न्हवं?”

“म्हणूनच माहीत नाही.”


वळसा, उजवीकडून

मधमाशी एकदा सांगून थांबत नाही. चांगली जागा सापडली की ती घरी येते, पोळ्यावर अंग थरथरवत एक सरळ धाव घेते, मग उजवीकडून वळसा घालून सुरुवातीच्या जागी येते. पुन्हा तीच धाव. मग डावीकडून वळसा. पुन्हा तीच धाव. भोवतीच्या माश्या अंधारात तिला चिकटून चालतात आणि धाव त्यांच्या अंगात मुरते.

ही गोष्ट मी इतकी वर्षं मनातल्या मनात अशीच सांगत आले आहे. आज लिहितानाही दुसरी रीत सुचत नाही.

धावेचा अर्थ सोपा आहे. पोळं उभं असतं. त्यावर ‘वर’ म्हणजे सूर्याकडे. माशी सरळ वर धावली तर जागा सूर्याच्या दिशेला, उजवीकडे आडवी धावली तर सूर्याकडे तोंड केल्यावर आपल्या उजव्या हाताला. धाव जितकी लांब चालेल तितकी जागा लांब. बस, एवढंच. एवढंच म्हणायला मला आता काही वाटत नाही. तेव्हा, बावीस-तेविसाव्या वर्षी, मला ते खरं वाटत नसे. मी कोनमापक आणि ओळंबा घेऊन काचेच्या पेटीपुढं बसायची, कोन लिहायची, आणि मला वाटायचं, आपण गर्दीतल्या माणसांच्या नुसत्या हलणाऱ्या माना मोजतोय.

बाई म्हणजे डॉ. मिल्का पेझारकर. अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबातल्या. सह्याद्रीच्या त्या पठारावर त्यांनी सातेरी जातीच्या मधमाश्यांसाठी एक छोटं केंद्र चालवलं होतं. एक शेड, दोन खोल्या, एक विहीर, स्वयंपाकाला आणि धाक दाखवायला हौसाबाई.

कामाची वाटणी अशी. मी काचेपुढं, बाई रानात. बाई साखरपाण्याची वाटी घेऊन पठारावर कुठंतरी जाऊन बसणार. कुठं, ते मला सांगणार नाहीत. पाण्यात केवड्याचा अर्क, म्हणजे वाटीवरून आलेली माशी वासानं ओळखू यावी. मी नाच वाचून नकाशावर खूण करायची. संध्याकाळी खूण आणि जागा जुळवायची.

“पण सांगितलं तर काय बिघडेल, बाई?” मी एकदा विचारलं होतं.

“तुला जागा माहीत असली की तू माशीचं वाचणार नाहीस. माझं वाचशील.”

“मी प्रामाणिक आहे.”

“तू प्रामाणिक आहेस गं. तुझा डोळा नाहीये. कुणाचाच नसतो.”

एकदा त्यांच्या बुटांना लागलेल्या तांबड्या मातीवरून मी ओळखलं की त्या तळ्याच्या अंगाला गेल्या होत्या. फुशारकीनं तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी शांतपणे फाडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बूट धुऊन परत येऊ लागल्या.

“मी कुठं आहे, हे मला विचारायचं नाही,” त्या म्हणायच्या. “त्यांना विचारायचं.”

आणि खडीसाखर? ती त्या रानात कधीच नेत नसत. खिशात साखर असली तर माश्या आपल्याकडे येतील, वाटीकडे नाही, आणि मग नाच वाटीचा की खिशाचा, कुणास ठाऊक. म्हणून वाटीवर जायचं ते भरल्या पोटी आणि रिकाम्या खिशानं, असा त्यांचा नेम होता.

त्या दिवशी नेमातलं अर्धंच पाळलं गेलं होतं.


धाव

बाईंचा डबा तसाच होता आणि मी काचेकडे वळले.

“आता माश्या बगत बसनार व्हय?” हौसाबाई म्हणाली. “चला, हाका मारू.”

“कुठल्या बाजूला? केवढं पठार आहे!”

ती बाहेर गेली. “बाई ओऽऽ” अशी तिची हाक मला ऐकू आली. वाऱ्यानं ती शेडच्या कोपऱ्यापर्यंतही नीट जाऊ दिली नाही. गावात जाऊन माणसं गोळा करावी, तर सगळं गाव खाली खोऱ्यात लग्नाला गेलेलं. ती परत आली तेव्हा मी काचेला नाक लावून होते.

“हौसाबाई, केवड्याचा वास येतोय?”

तिनं हुंगलं. “येतोय.”

“म्हणजे माश्या अजून बाईंच्या वाटीवर जातायत.”

जांभळाचा फुलोरा संपून गेला होता, रानात दुसरं फारसं काही नव्हतं. नाचणारी प्रत्येक माशी वाटीवरूनच आलेली. त्यांच्या पाठी मी पाहू लागले.

काही पाठींवर पांढरा ठिपका होता. ह्या शेडजवळ वाटीवर यायला शिकवलेल्या जुन्या माश्या. वाटीवर पीत बसलेल्या असतानाच त्यांच्यावर जाळीचं झाकण घालून बाई त्यांना नव्या जागी घेऊन जात आणि तिथं झाकण काढत. पोट भरलेल्या माश्या घिरट्या घालून जागा पाहून घेत आणि घरी येऊन नाचत. त्यांचं ऐकून ज्या नव्या माश्या वाटीवर पोचत, त्यांना बाई तिथंच रंगवत. बारीक कुंचला, नेलपॉलिश, पाठीच्या नेमक्या मधोमध गोल ठिपका. त्या दिवसाचा रंग गुलाबी होता. एकही माशी कोरी पाठ घेऊन वाटीवरून उठली, असं बाईंच्या हातून कधी झालं नव्हतं. कुंचला धरला की त्या शिंक आली तरी अडवून धरत.

गुलाबी ठिपके मला दिसले. गोल, नेटके.

मग एक ठिपका दिसला तो वाकडा. पाठीवरून घसरून पंखाच्या मुळाशी ओघळलेला.

मग कोऱ्या पाठी.

एक. आणखी एक. मग पाहावं तिकडे. कोऱ्या पाठीच्या माश्या, तोंडात केवड्याचं पाणी, दुसऱ्यांना पाजत होत्या आणि नाचत होत्या.

“काय झालं?” हौसाबाईनं विचारलं. माझा श्वास तिनं ऐकला असावा.

“बाईंनी रंगवायचं थांबवलंय.”

“दमल्या असत्याल.”

“बाई?”

तीही बाईंना माझ्याइतकीच ओळखत होती.

“मग ह्या भवान्या नाचून काय सांगत्यात? वाचा की! शिकलाय न्हवं तुमी?”

मी ओळंब्याची दोरी धरली, कोनमापक काचेला लावला. एक माशी वर धावत होती. तिच्या शेजारची खाली. पहिली वळसा घालून आली आणि आता आडवी धावली. वाकड्या ठिपक्याची एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, मग धाव अर्ध्यावर सोडून उभीच राहिली. एरवी एकाच वाटीवरून आलेल्या माश्या पंगतीला बसल्यासारख्या एका ओळीत नाचत. त्या दुपारी जणू प्रत्येकीची वाटी वेगळी होती.

“काहीच सांगत नाहीयेत,” मी म्हणाले. “सूर्य डोक्यावर आहे.”


वळसा, डावीकडून

आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. दुसरी खेप पावसाळ्यात, तेव्हा त्या पठारावर सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. उरते ती मे महिन्यातली एक दुपार.

बाईंचा प्रश्न त्या दुपारचा होता. जी माशी प्रत्येक दिशा सूर्यावरून सांगते, तिचा सूर्य कुठल्याच दिशेला नसेल तेव्हा ती काय करते? गप्प बसते? चुकते? की आपल्याला ठाऊक नसलेलं काही तिला ठाऊक आहे?

त्या कित्येक वर्षं ह्या एका दुपारची वाट पाहत होत्या. एका मे महिन्यात आभाळ भरून आलं. एका वर्षी ऐन आदल्या दिवशी सगळी वसाहत पेटी सोडून उडून गेली. सातेरी तशा रागीट नसतात, पण मानी असतात. त्यांना एखादं घर आवडेनासं झालं की कारण सांगत बसत नाहीत.

बाईंचे भाऊ, बहिणी, मावश्या, सगळे एकेक करत इस्राएलला गेले होते. “तुम्ही का नाही गेलात?” असं मी विचारलं तेव्हा बाई गंभीरपणे म्हणाल्या, “तिथं सूर्य माथ्यावर येत नाही. फार उत्तरेला आहे तो देश.” मला ते हसण्यावारी नेल्यासारखं वाटलं. नंतर कळलं, त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं.

त्या सकाळी धुकं होतं. दाट, पांढरं, हलायला तयार नसलेलं. बाई डबा समोर ठेवून खिडकीशी बसून राहिल्या. धुकं हटलं नाही तर सावकाश जेवू, हटलं तर चटकन दोन घास खाऊ, असं त्यांचं चाललं होतं. मग अचानक ऊन पडलं. आणि सूर्य माथ्याला येऊन भिडायला फारसा अवकाश नव्हता.

तेव्हा ज्या गोंधळाची बाई इतकी वर्षं वाट पाहत होत्या, तो माझ्या डोळ्यांसमोर काचेवर चालला होता. बाईंना जे हवं होतं ते मला मिळालं होतं. आणि मला ते नको होतं.


धाव

बाईंचा डबा तसाच होता आणि मी हौसाबाईला म्हणाले, “थांबायला लागेल.”

“थांबायला? ताई, डोकं फिरलंय का तुमचं? तकडं बाईंचा जीव चाललाय, नि तुमी किडं नाचायची वाट बगनार?”

“सूर्य जरा कलू दे. मग त्या नीट सांगतील.”

“आन् सांगितलं न्हाई तर?”

मला दुसरीही भीती होती, ती मी तिला सांगितली नाही. वाटी भरणारं कुणी उरलं नव्हतं. पाणी संपलं की माश्या रिकाम्या परत येणार, आणि रिकामी माशी कधी नाचत नाही. सूर्य कलण्याआधी वाटी आटली तर काही विचारायचं म्हटलं तरी सांगणारं कुणी राहणार नव्हतं.

मी शेडबाहेर जाऊन खुंटी पाहिली. बाईंनी जमिनीत ओळंब्यात ठोकलेली सरळ लाकडी खुंटी. तिला सावली नव्हती. माझीही नव्हती, पायांभोवती फक्त एक मळकट डाग. सगळं पठार असं दिसत होतं की ते कुणीतरी कागदावर चिकटवलंय.

मी परत आत आले.

नाच कमी झाले होते. जिथं दहाजणी थरथरत होत्या तिथं आता दोघी-तिघी. मी कोऱ्या पाठींकडे बघणं सोडून दिलं आणि एकीलाच धरलं. वाकड्या ठिपक्याची. बाईंच्या हाताला कंप सुटला होता तेव्हा रंगवलेली. बाईंनी रंगवलेली ती शेवटची असणार.

ती वर धावली. थांबली. मग कलून धावली. वळसा. पुन्हा, पण आता थोडी डावीकडे. वळसा. डावीकडे. वळसा. डावीकडे.

“हौसाबाई, बोलू नका.”

“म्या कुटं बोलतेय?”

डावीकडे. आडव्या रेषेच्या बोटभर खाली. पुन्हा तिथंच. पुन्हा तिथंच. तिच्या मागून एक कोऱ्या पाठीची नाचू लागली, तीही तशीच. मी दोरी धरली, कोन घेतला. धाव एका लांब श्वासाएवढी. पठार सोडून जाणारी नव्हे, पण टोकापर्यंत पोचणारी.

“सापडलं?”

“डावीकडे. सूर्याच्या डाव्या हाताला, जराशी मागे.”

“म्हंजे कुटं?”

मी नकाशा पुढं ओढला.

सूर्य अजून पूर्वेच्या अंगाला असेल तर त्याच्या डावीकडे उत्तर. देवराईची बाजू. सूर्य माथा ओलांडून पश्चिमेला उतरला असेल तर त्याच्या डावीकडे दक्षिण. कातळाची बाजू. एकाच नाचाचे दोन अर्थ, पठाराच्या दोन टोकांना. माशी तर ठाम होती. सूर्य कुठल्या अंगाला आहे हे तिला कळलं होतं, म्हणूनच ती ठाम होती. पण सूर्य कुठं ते ती सांगत नाही. ते ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

मी पुन्हा धावत खुंटीकडे गेले. सावली नाही. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. काही नाही. घड्याळ पाहण्यात अर्थ नव्हता, माझं घड्याळ रेडिओशीही कधी जुळायचं नाही.

“मला जमलं असतं तर त्या सूर्याला हातानं ढकललं असतं,” हौसाबाई माझ्यामागून येत पुटपुटत होती. “मघाशी पानी काढाया गेले तर हिरीत बगवंना. डोळं दिपलं. आत दुसरा सूर्य पडल्यागत.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“काय झालं?”

मी विहिरीकडे पळत सुटले होते.

हातभर खुंटीची सावली डोळ्याला दिसायला सूर्य बराच कलावा लागतो. विहीर खोल होती. तेवढ्या खोलीला सूर्याचं कणभर कलणंही लपत नाही. मी काठावर पोटावर झोपले आणि आत पाहिलं. तळाचं पाणी पेटल्यासारखं झळकत होतं. डोळ्यांत पाणी आलं तरी मी बघत राहिले. रहाटाच्या बाजूची भिंत, म्हणजे पूर्वेची, वरपासून खालपर्यंत उजळत होती. समोरची काळी. आणि काळ्या भिंतीखाली, पाण्याच्या कडेला, चंद्राच्या कोरीसारखी एक बारीक सावली.

पूर्वेच्या भिंतीवर ऊन. म्हणजे सूर्य पश्चिमेला उतरला होता.

खुंटीला अजून पत्ता नव्हता. त्या वाकड्या ठिपक्याच्या माशीला होता.

“दक्षिण!” मी उठत म्हणाले. “कातळाकडे. खडीसाखर घ्या!”

आणि मग मी एक गोष्ट केली जिला हौसाबाई आयुष्यभर हसत राहिली. निघण्याआधी मी शेडमध्ये गेले, पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली उघडली आणि डाव्या तळहातावर बाण काढला. बाणाखाली ‘द’. बाणाचं टोक जरासं पूर्वेला. जागा पाहायच्या आधी लिहून ठेवायचं, खोडता येणार नाही असं. तो नियम माझ्या हातात इतका बसला होता की मला तो आठवावाही लागला नाही.

“नटा आता!” हौसाबाई किंचाळली. “लगीन हाय न्हवं तुमचं!”


वळसा, उजवीकडून, छोटा

त्या संध्याकाळी मी बाईंना एक गोष्ट सांगणार होते. कऱ्हाडला एका बँकेत मला नोकरी लागली होती. वाक्यं जुळवून ठेवली होती. बाई, मला ह्यात गती नाही. मला नाच दिसतो, पण त्यात कुणी काही सांगतंय असं वाटत नाही.


धाव

बाईंचा डबा हौसाबाईनं काखेत मारला आणि आम्ही कातळाकडे धावत सुटलो.

कारवीतून वाट नव्हती. मी तळहात पुढं धरून चालत होते, जसं कुणी दिवा धरून चालावं. कारवी संपली. काळा तापलेला कातळ सुरू झाला. कुणी नाही. आणखी पुढं. कुणी नाही.

“ताई,” हौसाबाई धापा टाकत म्हणाली, “माश्या खोटं बोलत असत्याल तर?”

“त्यांना येत नाही ते.”

हे मी बोलले. मी, जिला कऱ्हाडला जायचं होतं.

मग केवड्याचा वास आला.

एका उंचवट्यामागे, खडकाला टेकून, बाई बसल्या होत्या. हॅट मांडीवर पडलेली. चेहरा घामानं न्हालेला, ओठ पांढरे. डोळे अर्धे उघडे, पण आमच्याकडे नव्हते. उजव्या हातात कुंचला होता आणि तो हात अजून हलत होता. समोर तिपाईवर काचेची वाटी, तळाशी थोडं पाणी, त्यावर माश्या. बाईंच्या भोवतालच्या खडकावर गुलाबी ठिपके होते. कितीतरी. माशी समजून त्या दगड रंगवत होत्या.

“बाई!”

“हळू,” त्या जड जिभेनं म्हणाल्या. “पितायत.”

हौसाबाई डबी उघडू लागली. झाकण निघेना. निघालं तेव्हा बाईंना खडा चावताही येईना, तो हनुवटीवरून घरंगळला. मी वाटी उचलली. माश्यांवर हळूच फुंकर घातली. काही उडाल्या, काही माझ्या बोटांवर चढल्या. मी वाटी बाईंच्या ओठांना लावली.

बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

“बाई, घ्या.”

“मापाचं आहे ते,” बाई म्हणाल्या.

“मापाला लागली आग!” हौसाबाई गरजली. तिनं एका हातानं बाईंचं डोकं धरलं, दुसऱ्यानं हनुवटी. “प्या! म्या सांगते, प्या! माश्यांची बडदास्त मागनं बगू!”

बाई प्यायल्या. घोट, मग थांबून आणखी एक घोट. वाटी रिकामी झाली तेव्हा तळाशी एक माशी राहिली होती, ती बाईंच्या वरच्या ओठावर चढून बसली. बाईंनी तिला झटकलं नाही. मीही नाही. ती स्वतःच उडाली.

आम्ही बसून राहिलो. हौसाबाई पदरानं वारा घालत होती आणि तोंडानं शिव्या. हळूहळू बाईंचे डोळे वळले. आधी हौसाबाईवर थांबले, मग माझ्यावर. मग त्यांत राग आला, आणि तो पाहून मला रडू फुटलं.

“तू इथं कशी?”

“बाई…”

“तुला जागा कुणी सांगितली?”

“तुम्हीच म्हणाला होतात, त्यांना विचार म्हणून.”

बाईंनी नोंदवहीसाठी हात पुढं केला. “म्हणजे ही नोंद बाद. तू जागा बघितलीस.”

मी डावा तळहात उघडून त्यांच्यापुढं धरला. घाम, माती, करवंदीच्या ओरखड्यांचं रक्त. त्यात पांढरा बाण. ‘द’.

बाईंनी माझं मनगट धरलं. हात अजून थंडगार होते. त्यांनी माझा तळहात दिशेला लावून धरला, शेडच्या बाजूनं पाहिलं, वाटीच्या तिपाईकडे पाहिलं, पुन्हा बाणाकडे. एखादा दागिना पारखावा तसा.

“हे इथं येण्याआधी काढलंस?”

“हो.”

“सूर्य कुठल्या अंगाला, ते कसं कळलं?”

“विहिरीवरून.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. मग लहान मुलीसारखं हसू त्यांच्या तोंडभर पसरलं. “टोक पूर्वेला थोडं जास्त गेलंय.”

“माशीनं तेवढंच सांगितलं.”

“मग बरोबर असेल.”

हौसाबाईनं डबा उघडला. भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, सगळं थंड. बाई तिथंच, गुलाबी ठिपक्यांच्या मधोमध बसून, अख्खा डबा जेवल्या.


परत

सावली लांब झाल्यावर दोघींच्या खांद्यांवर हात टाकून बाई शेडपर्यंत आल्या. आडवं व्हायला तयार होईनात. मला काचेपुढं बसवा म्हणाल्या. मी पडदा सोडला, लाल उजेड धरला.

मी त्यांना सगळं सांगितलं. कोण कसं नाचलं, कुठं गोंधळलं, कोण आधी सावरलं. “म्हणजे चुकतात,” शेवटी त्या म्हणाल्या, अगदी हळू, कौतुकानं, एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं. “चुकतात, पण थांबत नाहीत.”

पेटीतून बाहेर उघडणाऱ्या नळीतून एक माशी आत आली. पाठीवर गुलाबी, ओघळलेला ठिपका.

“हा कुणी लावला?” बाई पुढं वाकल्या. “इतका वाकडा?”

“तुम्हीच.”

त्या बघत राहिल्या. माशी पोळ्यावर चढली, गर्दीतून चालली, थांबली. भोवतीच्या दोघी-तिघी तिच्याकडे वळल्या, वाट पाहू लागल्या. ती नाचली नाही. मिशा पुसत उभी राहिली.

बँकेचं सांगायचं मी त्या संध्याकाळी विसरले. पुढंही कधी आठवलं नाही.

“रिकामी आली,” मी म्हणाले.

बाईंनी काचेवर, त्या ठिपक्याच्या जागी, बोट टेकवलं.

“येणारच,” त्या म्हणाल्या. “तिचं सगळं मी प्यायले.”